वंचिततेची मोजपट्टी आणि उच्च शिक्षणाची संधी : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रस्तावना

उच्च शिक्षणाची दारे सर्वांसाठी खुली असावीत याविषयी आज तात्त्विक मतभेद फारसा उरलेला नाही. मतभेद आहे तो या दारापर्यंत कोण पोहोचू शकत नाही हे ओळखायचे कसे, याविषयी. शुल्कमाफी, शिष्यवृत्ती, राखीव जागा, वसतिगृहप्रवेश, निर्वाह भत्ता या साऱ्या योजना कोणत्या ना कोणत्या मोजमापावर उभ्या असतात. उत्पन्नाचा दाखला, सातबारा उतारा, जिल्ह्याची सरासरी, गावाची पैसेवारी ही त्या मोजमापाची प्रचलित साधने होत. योजनांवर चर्चा पुष्कळ होते. साधनांवर क्वचितच होते. मोजपट्टी सदोष असेल तर मात्र उदार योजनाही चुकीच्या हाती पडते आणि ज्याच्यासाठी ती आखली तो विद्यार्थी रांगेबाहेर राहतो.

हा प्रश्न नवा नाही. खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात शिष्यवृत्त्यांच्या वाटपाविषयी एक मूलगामी मुद्दा मांडला होता. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरकरणी न्याय्य वाटले तरी त्यामुळे ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यात त्याचा प्रसार होत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखून ठेवाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. समान कसोटी सर्वांना लावली म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हा या प्रतिपादनाचा गाभा आहे. प्रस्तुत लेखात हाच गाभा आधाराला घेऊन आजच्या मोजपट्ट्यांची चिकित्सा केली आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) उच्च शिक्षणातील सवलतींसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख मोजपट्ट्यांचे स्वरूप तपासणे.
२) सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या विषम भूगोलात त्या कशा लागू पडतात हे पाहणे.
३) महाविद्यालयांना स्वतःच्या अधिकारात अवलंबिता येईल अशा पर्यायी मोजमापाची दिशा सुचविणे.

लेखाची भिस्त शासनाचे प्रसिद्ध नियम, कायद्यांतील तरतुदी व समित्यांचे निकष यांच्या तौलनिक वाचनावर आहे. सामाजिक आरक्षणाचा प्रश्न येथे केवळ मोजमापाच्या अंगाने येतो. जातीय विषमतेवर उभे असलेले आरक्षण आणि आर्थिक-भौगोलिक वंचिततेची मोजणी या परस्परांना पर्याय नव्हेत, तर पूरक आहेत, अशी लेखाची भूमिका आहे.

३. एक जिल्हा, अनेक प्रदेश

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यात तो सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. कराड परिसर कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर ऊस पिकवितो. पाटण व जावळीतील डोंगरी गावे पिढ्यान् पिढ्या मुंबईतील गिरण्या आणि माथाडी कामावर विसंबून राहिली. सांगली जिल्ह्यातही वाळवा व मिरज हे बागायती तालुके एका बाजूस, तर जत, आटपाडी व कवठेमहांकाळ हे अवर्षणप्रवण तालुके दुसऱ्या बाजूस अशी स्पष्ट विभागणी आहे.

ही विषमता अंशतः जिल्ह्याच्या जडणघडणीतूनच आली आहे. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आलेला आणि पुढे सांगली म्हणून ओळखला जाऊ लागलेला जिल्हा हा ब्रिटिश मुलखातील तालुके आणि सांगली, मिरज, जत यांसारख्या संस्थानांचे प्रदेश एकत्र करून तयार झाला. आटपाडी औंध संस्थानात होते. जतच्या पूर्व भागात कन्नड ही अनेक घरांची बोली आहे. म्हणजे 'सांगली जिल्हा' ही प्रशासनाची सोय आहे. तो एकजिनसी सामाजिक प्रदेश नाही. अशा जिल्ह्याची सरासरी काढली की वाळव्याची समृद्धी जतच्या वाट्याला कागदोपत्री येते, प्रत्यक्षात येत नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. महाविद्यालय गावापासून दूर आहे, एवढ्यापुरता हा प्रश्न राहिलेला नाही. जत, दहिवडी यांसारख्या ठिकाणी महाविद्यालये आहेत आणि त्यांनी एका मोठ्या वर्गाला पदवीपर्यंत आणले आहे. प्रश्न आहे तो निवडीचा. अभियांत्रिकी, वैद्यक किंवा विज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण हवे असेल तर विद्यार्थ्याला सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागते. त्यासाठी शुल्काखेरीज खोली, खाणावळ, प्रवास आणि शिकवणी यांचा खर्च येतो. वंचितता मोजायची ती या टप्प्यावर.

४. पहिली मोजपट्टी : कुटुंबाचे उत्पन्न

आर्थिक निकषावर शिक्षणशुल्कात सवलत देण्याची महाराष्ट्रातील परंपरा या दोन जिल्ह्यांशी निगडित आहे. देवराष्ट्रे येथे जन्मलेले व कराड ही कर्मभूमी असलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि पाटण तालुक्यातील बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, वार्षिक बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना मिळालेली ई. बी. सी. सवलत ग्रामीण महाराष्ट्रातील एका पिढीच्या शिक्षणाचा आधार ठरली. त्या काळी बाराशेची मर्यादा खऱ्या अर्थाने रेघ होती : तिच्या अलीकडे गरीब होते आणि पलीकडे तुलनेने सुस्थित.

आज ही मर्यादा राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक आठ लाख रुपये आहे. इतर मागासवर्गीयांसाठी उन्नत गटाची मर्यादा २०१७ पासून आठ लाख आहे. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाची मर्यादाही आठ लाखच आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी मिळाली. तेथेही रेघ आठ लाखांचीच. या निर्णयांचे स्वागतच केले पाहिजे. तथापि मोजमाप म्हणून पाहता या आकड्यातील उणिवा स्पष्ट होतात.

पहिली उणीव अशी की माण किंवा जतच्या गावात आठ लाखांची रेघ जवळजवळ कोणालाच वेगळे काढीत नाही. शेतमजुराची मुलगी आणि चांगल्या बागायतदाराची मुलगी या दोघी या रेघेच्या एकाच बाजूला उभ्या असतात. सर्वांना सामावून घेणारी मर्यादा उदार असेल. ती मोजपट्टी मात्र राहत नाही. जागा किंवा निधी मर्यादित असतो तेव्हा रेघेच्या आत पुन्हा गुणवत्तायादी लागते आणि फुल्यांनी ज्या स्पर्धेविषयी इशारा दिला होता तीच स्पर्धा मागील दाराने परत येते.

दुसरी उणीव दाखल्याच्या स्वरूपात आहे. नोकरदाराचे उत्पन्न वेतनपत्रकावर रुपयापर्यंत नोंदलेले असते. शेतकऱ्याचे उत्पन्न तलाठ्याचा अहवाल व तहसीलदाराचा दाखला यांतून अंदाजाने ठरते. परिणामी वेतन मोजले जाते, तर शेती व व्यवसाय यांचे उत्पन्न केवळ मानले जाते. खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी देशभर विखुरलेली आहेत. त्यांचे उत्पन्न परप्रांतात निर्माण होते आणि दाखला गावात निघतो. तेथेही कोणी दुकानाचा मालक असतो, कोणी भट्टीवरचा कामगार. दाखल्यावरील आकडा या दोघांतील अंतर सांगेलच याची खात्री देता येत नाही.

तिसरी उणीव काळाची. दाखला एका वर्षाचे किंवा फार तर तीन वर्षांचे उत्पन्न सांगतो. अवर्षणप्रवण भागातील कुटुंबाचा खरा प्रश्न कमी उत्पन्नाइतकाच अनिश्चित उत्पन्नाचा असतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला मुलीला पाठवायचे की नाही हा निर्णय चांगल्या वर्षाच्या उत्पन्नावर होत नाही, वाईट वर्षाच्या भीतीवर होतो. ही भीती दाखल्यात उतरत नाही.

५. दुसरी मोजपट्टी : जमीन

उत्पन्नाचा आकडा अविश्वसनीय ठरतो म्हणून जमिनीची मोजणी केली जाते. येथील विसंगती सर्वांत बोलकी आहे.

केंद्रीय संस्थांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी २०१९ मध्ये जे निकष ठरले त्यांनुसार पाच एकर वा त्याहून अधिक शेतजमीन असलेले कुटुंब, उत्पन्न कितीही कमी असले तरी, अपात्र ठरते. जमीन जिरायत की बागायत हा प्रश्न या निकषात उपस्थितच होत नाही.

याउलट महाराष्ट्र शेतजमीन (कमाल धारणा) अधिनियमात, १९७५ पासून लागू झालेल्या सुधारित मर्यादेनुसार, दोन पिकांना बारमाही पाण्याची खात्री असलेल्या जमिनीसाठी कमाल मर्यादा १८ एकर, तर कोरडवाहू जमिनीसाठी ५४ एकर आहे. अर्थात एक एकर बागायत म्हणजे तीन एकर जिरायत हे समीकरण राज्याच्या कायद्याने अर्धशतकापूर्वीच मान्य केले आहे. इतर मागासवर्गीयांतील उन्नत गट ठरविण्यासाठी इंद्रा साहनी निकालानंतर १९९३ मध्ये केंद्राने काढलेल्या आदेशातही हा विवेक आढळतो. तेथे जमिनीच्या आधारे वगळताना ओलिताखालील जमीनच विचारात घेतली जाते. कुटुंबाची सर्व जमीन कोरडवाहू असेल तर वगळण्याचा नियम लागूच होत नाही. १९७५ च्या कायद्याला आणि १९९३ च्या आदेशाला जे पाणी दिसले ते २०१९ च्या निकषाला दिसले नाही.

या विसंगतीचा परिणाम एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. वाळवा तालुक्यातील एका कुटुंबाकडे साडेचार एकर ऊस आहे. एकरी चाळीस टन उतारा आणि टनाला तीन हजार रुपये दर धरला तर ढोबळ उत्पन्न पाच लाख चाळीस हजार रुपये होते. जत तालुक्यातील दुसऱ्या कुटुंबाकडे सहा एकर कोरडवाहू ज्वारी-बाजरी आहे. एकरी पाच क्विंटल उतारा आणि क्विंटलला तीन हजार रुपये धरले तर ढोबळ उत्पन्न नव्वद हजार रुपये होते, तेही पाऊस पडल्यास. दोन्ही कुटुंबे खुल्या प्रवर्गातील असतील तर केंद्राच्या निकषानुसार पहिले दुर्बल ठरते व दुसरे ठरत नाही. कमाल धारणा कायद्याच्या गुणोत्तराने पाहिले तर जतच्या कुटुंबाची सहा एकर जमीन ही दोन एकर बागायतीच्या बरोबरीची आहे आणि वाळव्याची साडेचार एकर ही साडेतेरा एकर जिरायतीच्या तोडीची. म्हणजे मोजपट्टी केवळ ढोबळ आहे असे नव्हे; ती उलटी लागते.

यात सातबाऱ्याची गुंतागुंत मिसळते. सदर निकषातील कुटुंबाच्या व्याख्येत विद्यार्थ्याचे आईवडील व अठरा वर्षांखालील भावंडे येतात, आजोबा येत नाहीत. त्यामुळे ज्या घरात जमीन अद्याप आजोबांच्या नावे आहे ते घर कागदोपत्री भूमिहीन भासते आणि ज्या घरात रीतसर वाटणी झाली ते जमीनदार ठरते. अत्यल्प भूधारक म्हणजे एक हेक्टरपर्यंत व अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, ही रूढ विभागणी ज्या ज्या योजनांत केवळ क्षेत्रफळावर आधारली जाते तेथे हाच दोष संभवतो.

६. तिसरी मोजपट्टी : जिल्हा व विभाग

व्यक्तीऐवजी प्रदेश मोजण्याची पद्धतही प्रचलित आहे. १९८४ मध्ये अहवाल देणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीच्या तुलनेत जिल्ह्यांचा अनुशेष काढला. प्रादेशिक अन्यायाची आकडेवारीने चर्चा करण्याची शिस्त या समितीने महाराष्ट्राला लावली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि जिल्हा हे एकक स्वीकारताच जिल्ह्यांतर्गत विषमता दृष्टीआड होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात २००१ च्या जनगणनेच्या आधारे देशातील ३७४ जिल्हे शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरविले. उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणी प्रमाण १२.४ टक्के या तत्कालीन राष्ट्रीय सरासरीहून कमी असणे हा त्याचा निकष होता. महाराष्ट्रातील गडचिरोली, हिंगोली, जालना यांच्याबरोबर रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे साक्षरतेत पुढारलेले जिल्हेही या यादीत आले. सातारा व सांगली आले नाहीत. शिक्षणासाठी व रोजगारासाठी तरुण मुंबईला जातात अशा कोकणी जिल्ह्याचे नोंदणी प्रमाण कमी दिसणे आणि कराड, सांगली, मिरज, इस्लामपूर येथील महाविद्यालयांच्या बळावर आपल्या जिल्ह्यांचे प्रमाण बरे दिसणे यांत आश्चर्य नाही. परंतु माण व जत हे तालुके या हिशेबात कोठेच उमटले नाहीत.

वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० सूत्र हे याहून ठळक उदाहरण होय. या सूत्रानुसार सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी व तीस टक्के जागा राज्यस्तरावर भरल्या जात. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग होते. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. ते लागू असताना म्हसवड किंवा संखचा विद्यार्थी पुणे-मुंबईच्या विद्यार्थ्याबरोबर 'उर्वरित महाराष्ट्र' या एकाच चौकटीत स्पर्धेला उतरत होता. रद्द झाल्यावर तो संपूर्ण राज्याशी स्पर्धा करतो. त्याच्या दृष्टीने फरक फारसा पडला नाही; कारण विभागाच्या नावाने जे संरक्षण होते त्यात त्याचा तालुका कधी मोजलाच गेला नव्हता.

७. चौथी मोजपट्टी : पैसेवारी

गावपातळीवर उतरणारी एकच मोजपट्टी महाराष्ट्रात रुळलेली आहे, ती म्हणजे पैसेवारी. पन्नास पैशांहून कमी पैसेवारी आली किंवा दुष्काळ जाहीर झाला की त्या गावांतील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी मिळते. महसूल यंत्रणेला गावनिहाय वंचितता मोजता येते याचा हा पुरावा आहे. परंतु ही मोजणी एका हंगामाची आहे. दुष्काळाकडे ती घटना म्हणून पाहते, स्थिती म्हणून नव्हे. सवलत मिळते ती परीक्षा शुल्काची. आणि पदवीच्या विद्यार्थ्याला शिक्षण सोडावे लागते ते प्रामुख्याने खोलीभाडे व खाणावळीच्या बिलामुळे. शिवाय पाऊस बरा झालेल्या वर्षी मागील तीन वर्षांचे कर्ज तसेच असले तरी ते गाव सुस्थित गणले जाते.

८. अन्यत्र झालेले प्रयोग

वंचितता अनेक अंगांनी व गुणांकन पद्धतीने मोजण्याची कल्पना भारतात रुजलेली आहे. १९७९ मध्ये नेमलेल्या मंडल आयोगाने अकरा निकषांना भार देऊन बावीस गुणांची कसोटी तयार केली. सामाजिक निकषांना बारा, शैक्षणिक निकषांना सहा व आर्थिक निकषांना चार गुण दिले. सामाजिक अंगाला आर्थिक अंगाच्या तिप्पट वजन देणे ही त्यामागील विचारपूर्वक भूमिका होती. ही कसोटी समूहासाठी होती; व्यक्तीसाठी नव्हती.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या व खंडानंतर १९९४ पासून पुन्हा अंमलात आलेल्या पद्धतीत मागास जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना वंचिततेचे अतिरिक्त गुण दिले गेले. स्त्रीसाक्षरता, शेतीवर अवलंबून असलेल्यांचे प्रमाण, ग्रामीण लोकसंख्या आणि शौचालय नसलेली घरे अशा जनगणनेतील माहितीवरून जिल्ह्यांची प्रतवारी केली गेली. प्रवेशपरीक्षेतील गुणांना परिस्थितीचा संदर्भ जोडणारा हा महत्त्वाचा प्रयोग होय. परंतु त्याचेही एकक जिल्हा हेच होते.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ मध्ये वेगळा मार्ग निवडला. प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशाची हमी देण्यात आली. विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच शाळेतील सवंगड्यांशी झाल्यामुळे कुटुंबाचे उत्पन्न मोजण्याची गरजच उरली नाही. इंग्लंडमध्ये लहान वस्तीक्षेत्रांतून किती तरुण उच्च शिक्षणात जातात यावरून क्षेत्रांची प्रतवारी केली गेली. तेथील टीकाकारांनी दाखविलेला दोष येथेही लक्षात ठेवावा लागेल : मागास वस्तीत सुस्थित घरे असतात आणि पुढारलेल्या वस्तीत गरीब घरे. म्हणून केवळ प्रदेश मोजून भागत नाही व केवळ कुटुंब मोजूनही भागत नाही.

९. रयतेची परंपरा आणि मोजमाप

या चर्चेत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याचे स्मरण अपरिहार्य आहे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना, १९२४ मध्ये साताऱ्यातील वसतिगृह, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि 'कमवा व शिका' योजना हा क्रम सर्वपरिचित आहे. मोजमापाच्या दृष्टीने त्याचा अर्थ मात्र क्वचित सांगितला जातो. सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणाऱ्या वसतिगृहाने शुल्काऐवजी राहणे व जेवणे हा शिक्षणातील खरा अडथळा आहे हे ओळखले होते. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण या तत्त्वात दाखल्याची गरज कमी होती. कारण ज्याला खरोखर गरज आहे तोच पहाटे शेतावर कामाला उभा राहील.

या पद्धतीचे आंधळे अनुकरण आज शक्य नाही. ज्या विद्यार्थ्याला गरज आहे त्याच्याकडूनच अभ्यासाचा वेळ काढून घेतला जातो, ही 'कमवा व शिका' योजनेवरील टीका विचारार्ह आहे. मुलींच्या बाबतीत घरकामाचा भार धरता ती अधिकच लागू पडते. तरीही विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती संस्थेने स्वतः जाणून घ्यावी, ती केवळ तहसील कार्यालयावर सोपवू नये, हा या परंपरेचा धडा आजही उपयुक्त आहे.

१०. पर्यायी मोजमापाची दिशा

उपरोक्त विवेचनावरून पुढील चार अंगांचे एकत्रित गुणांकन सुचविता येते.

१) गाव : विद्यार्थ्याने दहावी जेथून उत्तीर्ण केली ते गाव वा महसूल मंडळ हे एकक मानावे. शाळा सोडल्याचा दाखला हा त्याचा पुरावा होय. गेल्या दहा वर्षांतील पैसेवारी एकत्र पाहिल्यास हंगामी घटनेऐवजी कायमची स्थिती दिसेल.

२) पाणी : जमीन 'बागायत समतुल्य' एकरांत मोजावी. तीन एकर जिरायत बरोबर एक एकर बागायत हे गुणोत्तर कायद्यातच उपलब्ध आहे.

३) पालकांचे शिक्षण : विशेषतः आईचे शिक्षण. घरातील पहिला पदवीधर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला अर्ज भरण्यापासून विषय निवडण्यापर्यंत घरातून मार्गदर्शन मिळत नाही. ही उणीव कोणत्याही उत्पन्नाच्या दाखल्यात दिसत नाही.

४) शाळेतील स्थान : दहावी-बारावीची टक्केवारी निरपेक्ष न पाहता त्या शाळेतील विद्यार्थ्याचा क्रमही विचारात घ्यावा. शिकवणी वर्गांच्या शहरातील ८५ टक्के आणि कन्नड बोलणाऱ्या घरातून येऊन मराठी माध्यमात मिळविलेले ७२ टक्के यांची तुलना केवळ वजाबाकीने होत नाही.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, ही पद्धत गुंतागुंतीची आहे. वस्तुतः शाळेचा दाखला व गुणपत्रक प्रवेश अर्जासोबत महाविद्यालयाकडे येतच असतात. भर पडते ती सातबाऱ्याची व पालकांच्या शिक्षणाविषयीच्या एका प्रश्नाची. दुसरा, खोटी माहिती दिली जाईल. पालकांच्या शिक्षणाबाबत हा धोका राहतो, हे मान्य करावे लागेल. परंतु गाव, पीकपाहणी व शाळेतील क्रम या नोंदी लपविणे उत्पन्नाचा आकडा कमी दाखविण्याइतके सोपे नाही; चारांपैकी तीन अंगे पडताळता येतात. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टेंभू, म्हैसाळ, ताकारी आणि जिहे-कठापूर या उपसा सिंचन योजनांमुळे दुष्काळी तालुक्यांतील अनेक गावांत पाणी पोहोचले आहे. मग जुना 'दुष्काळी' शिक्का किती काळ चालवायचा? हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच तालुक्याला कायमचा शिक्का मारणे हा उपाय नव्हे. जेथे पाणी आले तेथे पीकपाहणीत ऊस व द्राक्षे दिसू लागतील आणि बागायत समतुल्य आकडा आपोआप वाढेल. जेथे आले नाही तेथे तो वाढणार नाही. वर्षागणिक बदलणारी मोजपट्टीच बदलत्या प्रदेशाला न्याय देऊ शकते.

शासकीय प्रवेशप्रक्रिया व वैधानिक आरक्षण यांत महाविद्यालयाला बदल करता येत नाही, हे खरे. परंतु वसतिगृहातील जागा, 'कमवा व शिका' योजनेतील प्रवेश, पुस्तकपेढी, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून दिली जाणारी मदत आणि शुल्काचे हप्ते हे निर्णय बहुतांशी महाविद्यालयाच्या व संस्थेच्या हाती असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वंचित प्रदेशांसाठी विशेष शिक्षण क्षेत्रांची कल्पना मांडली आणि २०३५ पर्यंत स्थूल नोंदणी प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. कोणता प्रदेश वंचित, हे ठरविताना जिल्ह्याखाली उतरण्याची गरज महाविद्यालयांनी गोळा केलेल्या अशा नोंदींतूनच शासनापुढे सप्रमाण मांडता येईल.

११. निष्कर्ष

१) आठ लाखांची उत्पन्नमर्यादा सवलतीची व्याप्ती वाढविते, परंतु ग्रामीण भागातील गरिबांमध्ये अधिक गरीब कोण हे ती सांगत नाही.
२) केवळ क्षेत्रफळावर आधारलेला जमिनीचा निकष कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलांवर अन्याय करतो. जिरायत-बागायत भेद राज्याच्या कायद्यात व १९९३ च्या केंद्रीय आदेशात असताना तो प्रवेशाच्या निकषांत नसणे असमर्थनीय आहे.
३) जिल्हा व विभाग ही एकके सातारा-सांगलीसारख्या विषम जिल्ह्यांतील वंचितता झाकतात.
४) पैसेवारी हे गावपातळीवरील उपयुक्त साधन आहे, मात्र तिचा दीर्घकालीन व संचित वापर झाला पाहिजे.
५) गाव, पाणी, पालकांचे शिक्षण व शाळेतील स्थान यांचे एकत्रित मोजमाप महाविद्यालयीन पातळीवर तातडीने सुरू करणे शक्य आहे.

दर वर्षी जूनमध्ये वसतिगृह प्रवेश समितीपुढे अर्जांचा गठ्ठा येतो. त्यातील बहुतेक अर्जांना जोडलेले उत्पन्नाचे दाखले एकमेकांसारखेच दिसतात. त्या दाखल्यांमागे कोणाचे गाव आहे, गावात पाणी किती आहे आणि घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे काय, हे तीन प्रश्न समितीने विचारले तरी या दोन जिल्ह्यांतील अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत निर्णय बदलेल.